गावठी कोंबडीचं वजन कुणी केलंय?

संक्रांतीला आत्याकडे गेलो होतो. तिच्या एका खुडूक कोंबडीनं कार्तिकात बारा पिल्लं काढली होती. दोन घारीनं नेली, उरलेली दहा परड्यात उकिरडा उकरत होती. रिकामा वेळ होता. भाजीवाल्याकडे असतो तसला स्प्रिंगचा काटा माळ्यावर सापडला, तो घेऊन मी एकेक पिल्लू पिशवीत घालून टांगायला सुरुवात केली. आत्यानं आधी वेड्यात काढलं, मग स्वतःच पिल्लं धरून देऊ लागली.

दहाही पिल्लं एका आईची. बापही बहुधा एकच, कारण त्या आळीत दुसरा कोंबडा नव्हता. खाणंही सगळ्यांचं सारखंच, सकाळी मूठभर कण्या आणि मग दिवसभर जे चोचीला लागेल ते. तरी सगळ्यांत जड पिल्लू सगळ्यांत हलक्याच्या जवळजवळ दीडपट भरलं. नर मादीपेक्षा जड असतो हे खरं, पण निव्वळ नर बाजूला काढले तरी फरक डोळ्यांत भरण्याजोगा होता. सगळ्यांत जड होता तो एक तांबडा, लांब पायांचा कोंबडा. "ह्यो जत्रंला," आत्या म्हणाली.

त्या दोन शब्दांमुळे हा लेख लिहितोय. आपल्या गावठी कोंबडीचं वजन वाढत नाही, म्हणून तिच्यात बाहेरचं रक्त घालायला हवं, हे गेली तीसेक वर्षं पशुसंवर्धनातलं गृहीतक आहे. माझं म्हणणं असं की, वाढीचा गुण गावठीत आहेच. आपणच तो दरवर्षी निवडून निवडून रश्शात घालतो. जो कोंबडा लवकर भरतो तो जत्रेला, पाहुण्याला नाहीतर बाजारात जातो. जो रोडका राहतो, ज्याला गिऱ्हाईक मिळत नाही, तो पुढच्या पिढीचा बाप होतो. शेतकरी बियाण्यासाठी कणसातलं उत्तम कणीस आढ्याला टांगून ठेवतो. कोंबडीच्या बाबतीत आपण बरोबर उलटं करतो, आणि हे एका घरात नाही, गावोगाव, पिढ्यान्‌पिढ्या चाललंय.

निवड केली तर काय होतं, याचा पुरावा रोज चिकनच्या दुकानात टांगलेला असतो. ब्रॉयलरला हार्मोनची इंजेक्शनं देतात, ही समजूत आपल्याकडे भलतीच चिवट आहे. शिकलेली माणसंसुद्धा ती छातीठोकपणे पुढे पाठवतात. हजारो पक्ष्यांना एकेक करून पुन्हा पुन्हा टोचत बसणं कुठल्या पोल्ट्रीवाल्याला परवडेल, हा साधा हिशेबही कुणी करत नाही. ब्रॉयलरच्या वाढीचं गुपित सुईत नाही, वंशावळीत आहे. कॅनडातल्या अल्बर्टा विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१४ मध्ये एक फार बोलका प्रयोग प्रसिद्ध केला. १९५७ आणि १९७८ पासून निवड न करता जसेच्या तसे राखलेले दोन कळप आणि २००५ चा व्यापारी ब्रॉयलर त्यांनी शेजारी शेजारी, एकाच खाद्यावर वाढवले. ५६ दिवसांनी १९५७ चा पक्षी भरला ९०५ ग्रॅम, १९७८ चा १,८०८ ग्रॅम आणि २००५ चा ४,२०२ ग्रॅम. खाद्य तेच, दिवस तेवढेच, बदललेली होती ती फक्त जनुकं.

'बदललेली' या शब्दानंही घोटाळा होतो. प्रयोगशाळेत कुणी जनुकं कापून चिकटवली, असं वाटतं. ब्रॉयलरमध्ये तसलं काही झालेलं नाही. कळपात आधीपासून विखुरलेले वाढीचे अनेक छोटे छोटे प्रकार, दर पिढीला वजन करून, एकेका पक्ष्यात गोळा करत नेले, एवढंच. अमेरिकेतल्या व्हर्जिनियात पॉल सीगल यांनी १९५७ मध्ये एकाच जातीच्या कोंबड्यांपासून दोन घराणी सुरू केली. एका घराण्यात दर वर्षी आठ आठवड्यांना जास्त भरणारे पक्षी पुढे ठेवायचे, दुसऱ्यात कमी भरणारे. पन्नासेक पिढ्यांनी दोन घराण्यांतल्या वजनाचा फरक दहा पटींवर गेला. बाहेरून एक थेंब रक्त आणलं नव्हतं. जड घराण्याच्या पक्ष्यांची भूक इतकी अनावर झाली की त्यांना पोटभर खायला देणंच धोक्याचं ठरलं, आणि हलक्या घराण्यातली काही पिल्लं अन्नाला चोचही लावीनात. दोन्ही घराण्यांची जनुकं पुढे तपासली तेव्हा वाढीचं असं कुठलं एक जनुक हाती लागलं नाही. गुणसूत्रांवर ठिकठिकाणी पसरलेले, एकमेकांच्या संगतीनं कमी-जास्त परिणाम करणारे अनेक बदल दिसले.

एकाच जनुकाचा ठसठशीत परिणाम कुठे दिसत असेल तर तो खुजेपणात. वाढीचं संप्रेरक (हार्मोन) पेशीवर जिथे जाऊन बसतं, त्या ग्राहकाचं, म्हणजे रिसेप्टरचं, जनुक कोंबडीत नर-मादी ठरवणाऱ्या झेड गुणसूत्रावर असतं. ते बिघडलं की संप्रेरक असूनही पक्षी बुटका राहतो. पक्ष्यांत नराकडे झेड दोन, मादीकडे एकच, आणि तो तिला बापाकडून मिळतो. म्हणून काही उत्पादक ब्रॉयलर पिल्लांच्या आया मुद्दाम खुज्या ठेवतात. आई कमी खाते, बाप मात्र धिप्पाड असतो. मुलीला झेड बापाचाच मिळतो आणि मुलाला बापाकडून आलेलं धडधाकट जनुक पुरतं, त्यामुळे पिल्लं भराभर वाढतात. व्यवहार म्हणून ही युक्ती चलाख आहे. मला त्यातून आणखी एक गोष्ट दिसते. गावात दहा घरं मिळून एकच कोंबडा असतो, तेव्हा त्या आळीतल्या सगळ्या पिल्लांचं निम्मं नशीब त्या एका पक्ष्यात असतं. तो कोण असावा, हे आपण जत्रेवर सोपवलंय.

या ब्रॉयलरचं मूळ थोडं खोदलं तर माती आपल्याच भागाची निघते. त्याची ती भरदार छाती आली कॉर्निश जातीकडून. इंग्लंडातल्या कॉर्नवॉलमध्ये ही जात घडली, आणि तिथे तिचं नावच 'इंडियन गेम' होतं, कारण तिच्यात आपल्या असीलचं, झुंजीच्या कोंबड्याचं रक्त होतं. अमेरिकेत १९४० च्या दशकात 'उद्याची कोंबडी' अशी देशव्यापी स्पर्धा झाली. १९४८ मध्ये ती चार्ल्स व्हॅन्ट्रेस यांच्या कॉर्निश संकरानं जिंकली. त्यांचं नाव आजही कॉब-व्हॅन्ट्रेस या कंपनीच्या पाटीवर आहे, आणि कॉबच्याच वंशाचा पक्षी 'वेनकॉब' होऊन पुण्याच्या वेंकटेश्वरा हॅचरीजमार्फत देशभर पोचला. कोंबडीच्या पिवळ्या कातडीचं तर आणखी मजेशीर. बाजारात माणसं पिवळे पाय बघून 'अस्सल गावठी' म्हणतात. तो पिवळेपणा आणणारा जनुकाचा प्रकार तांबड्या रानकोंबड्याकडून, म्हणजे पाळीव कोंबडीच्या मुख्य पूर्वजाकडून, आलेला नाही. २००८ मधल्या संशोधनानुसार तो बहुधा राखाडी रानकोंबड्याकडून आला. हा पक्षी भारताबाहेर रानात आढळत नाही, आणि सह्याद्रीत पहाटे त्याचं आरवणं अजून ऐकू येतं.

म्हणजे भांडवल इथलं, नफा दुसरीकडे, अशी रड मला गायची नाही. असील परदेशी गेला म्हणून आपल्याकडचा संपला नाही. ज्यांनी त्याचं वजन केलं, नोंदी ठेवल्या, त्यांनी त्यातून उद्योग उभा केला. आपण नोंदी ठेवल्या नाहीत. आणि ब्रॉयलरला शिव्या घालण्यातही मला रस नाही. मजुराच्या ताटात रविवारी चिकन पडतं ते ब्रॉयलरमुळेच. गावठीच्या भावात ते कधी पडलं नसतं. मीही तेच खातो.

पण त्या यशाची किंमतही आकड्यांत मांडलेली आहे. २००८ मध्ये अमेरिकेच्या विज्ञान अकादमीच्या पत्रिकेत आलेल्या अभ्यासानं दाखवलं की, मूळ जातींमध्ये असलेल्या जनुकीय विविधतेपैकी निम्मी किंवा त्याहून जास्त विविधता व्यापारी घराण्यांत उरलेलीच नाही. उद्या नवा रोग आला, उन्हाळा आणखी दोन अंशांनी चढला, तर लागणारा एखादा गुण त्या घराण्यांत सापडेलच असं नाही. तो कुठे असेल? उकिरड्यावर. उघड्या मानेची कोंबडी घ्या. एका जनुकातल्या बदलामुळे मानेवर पिसं येत नाहीत, अंगातली उष्णता सहज निघून जाते, आणि उन्हाळ्यात ती इतरांपेक्षा बरी वाढते. उलट्या पिसांची कोंबडी आपल्याकडे कुणी राखली? देवऋष्यांनी! उतारा-पाताऱ्याला उलट्या पिसांची, काळीकुट्ट, शुभ्र नाहीतर लालबुंद कोंबडी लागते, म्हणून माणसं ती शोधत राहिली, पाळत राहिली. अंधश्रद्धेचं समर्थन मी करणार नाही, पण पिसांच्या आणि रंगांच्या जनुकांना निदान गिऱ्हाईक तरी मिळालं. वाढीच्या जनुकांना तेही नाही, कारण ती डोळ्यांना दिसत नाहीत. ती काट्यावरच दिसतात.

सरकारनं काय केलं? तर पिल्लं वाटली. हैदराबादच्या कुक्कुट संशोधन संचालनालयाची वनराज, बंगळुरूची गिरिराज, या रंगीत, गावठीसारख्या दिसणाऱ्या आणि गावठीपेक्षा दुप्पट अंडी देणाऱ्या कोंबड्या. चांगले पक्षी आहेत. अडचण दुसऱ्या पिढीत येते. हे संकर आहेत, आणि संकराच्या पोटी संकर जसाच्या तसा जन्मत नाही. बाई त्यांची अंडी आपल्या खुडूक कोंबडीखाली ठेवते आणि पिल्लं निघतात ती कुणी धिप्पाड, कुणी किडमिडी. त्यातली कित्येक पुढे खुडूक बसतच नाहीत, कारण अंडी जास्त हवी म्हणून निवड करताना खुडूकपणा मुद्दाम घालवलेला असतो. मग पुन्हा योजना, पुन्हा पिल्लं. मधल्या काळात गावठीचं जे काही स्वतःचं होतं त्यात अज्ञात प्रमाणात पाणी मिसळलेलं असतं, आणि किती मिसळलं याची नोंद कुठल्याही दवाखान्याच्या रजिस्टरात नसते.

बाजारात तर 'गावठी' हा शब्दच मोकाट सुटलाय. हायवेवरच्या ढाब्यावर 'गावरान' म्हणून पुढ्यात येतं ते सोनाली असतं, डीपी क्रॉस असतं, नाहीतर कावेरी, सगळे संकरच. सोनाली हा बांगलादेशात घडलेला ऱ्होड आयलंड रेड आणि इजिप्तच्या फायुमीचा संकर. चवीला वाईट नाही. पण मग त्याला सोनाली म्हणा की! कडकनाथचंही तेच झालं. झाबुआच्या कडकनाथला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. त्याचा काळेपणा विसाव्या गुणसूत्रावरच्या एका उलथापालथीतून येतो आणि तो प्रबळ असतो, म्हणजे अर्ध्या रक्ताचं पिल्लूही बऱ्याचदा काळंच निघतं. काळं दिसलं की कडकनाथ, या समजुतीवर किती पक्षी खपले असतील देव जाणे. २०१९ मध्ये पश्चिम महाराष्ट्रात कडकनाथच्या नावानं पैसे गोळा करून शेतकऱ्यांना बुडवल्याचं प्रकरण गाजलं, ते लोक अजून विसरलेले नाहीत.

महाराष्ट्राचं नाव ज्या नोंदणीकृत कोंबडीपुढे लागतं ती बुसरा. तीही आपण गुजरातबरोबर वाटून घेतलेली, नंदुरबार-नवापूर पट्ट्यातली, आदिवासींच्या घरी वाढलेली, जेमतेम किलो-सव्वा किलोची. कर्नालच्या राष्ट्रीय पशु आनुवंशिक संसाधन ब्यूरोच्या यादीत ती आहे. पण राज्यात दहा जणांना विचारा, नऊ जणांनी नाव ऐकलेलं नसेल. आणि नवापूर म्हटल्यावर लोकांना आठवतं ते वेगळंच. फेब्रुवारी २००६ मध्ये भारतातला पहिला बर्ड फ्लू तिथे सापडला आणि लाखो पक्षी मारावे लागले. २०२१ मध्ये पुन्हा तेच. साथ आटोक्यात आणायला ठरावीक परिघातले सगळे पक्षी मारावेच लागतात, त्याला माझा आक्षेप नाही. पण ज्या जातीचं घर एवढ्याशा पट्ट्यात आहे, त्याच पट्ट्यात ही साथ दोनदा आली, तरीही तिचा एखादा कळप दूर, दुसऱ्या जिल्ह्यात, राखून ठेवण्याचा विषय आपल्या चर्चेत कधी आला नाही, याचं मला नवल वाटतं. धान्याचं बी डब्यात राहतं. राहीबाई पोपेरे यांनी अहिल्यानगर जिल्ह्यातल्या अकोले तालुक्याच्या डोंगरात घराचीच बियाणे बँक केली आणि देशानं त्यांना पद्मश्री दिली. कोंबडीचं तसं करता येत नाही. एवढा मोठा बलक असलेलं अंडं गोठवून पुन्हा जिवंत करता येत नाही. मूळ प्रजनन-पेशी गोठवण्याचं तंत्र आहे, पण ते मोजक्या प्रयोगशाळांचं काम. आपल्यासाठी जनुकपेढी म्हणजे खुराडं, दाणे टिपणारं, आरवणारं खुराडं. आणि पिकांच्या वाणांच्या हक्कासाठी २००१ चा कायदा आहे, कोंबडीच्या जातीसाठी तसा कायदाही नाही.

इथे विद्यापीठांचाही हिशेब मांडायला हवा. देशी कोंबड्यांच्या वाढीच्या जनुकांवर आपल्याकडे निबंध भरपूर निघतात. काही पक्ष्यांचं रक्त घ्यायचं, वाढीच्या संप्रेरकाचं किंवा आयजीएफ-१ या वाढीशी संबंधित प्रथिनाचं जनुक तपासायचं, त्याचे दोन-तीन प्रकार दाखवायचे आणि 'अमुक प्रकाराचा वजनाशी संबंध आढळला' असं म्हणून थांबायचं. वाढ जर अनेक जनुकांत विखुरलेली असेल, तर एका जनुकाच्या तुकड्यावर मूठभर पक्ष्यांत मिळालेला संबंध पुढच्या गावात टिकेल याची खात्री कशी द्यायची? पदवी मिळते, कोंबडी होती तिथेच राहते. हे काम निरुपयोगी आहे असं नाही. शुद्धता तपासायला, संकर पकडायला जनुकांच्या खुणा लागणारच. पण वजन वाढवायला आज जी वस्तू लागते ती चारशे रुपयांत मिळते. काटा.

मला वाटतं ते असं. सरकारी उबवणी केंद्रं आपल्याकडे खडकीपासून कोल्हापूर-नागपूरपर्यंत आहेत. त्यांतल्या निदान एखाद्यानं संकराची पिल्लं वाटण्याऐवजी आपल्या भागातल्या गावठीचा कळप धरावा. आठ आठवड्यांना प्रत्येक पिल्लाचं वजन करावं. नुसते जड आहेत म्हणून ठेवायचे नाहीत. जी कोंबडी खुडूक बसते, पिल्लं सांभाळते, मानमोडीच्या साथीतून उठते, तिच्यातली जड ठेवायची, नाहीतर आपणही व्हर्जिनियाच्या त्या अधाशी घराण्याकडेच जाऊ. कोंबडे पुरेसे हवेत. एक कोंबडा आणि दहा कोंबड्या, असा कळप जनुकांच्या हिशेबात फक्त साडेतीन-पावणेचार पक्ष्यांएवढा असतो आणि नात्यातल्या नात्यात पैदास होऊन पिढीगणिक जवळपास १४ टक्के रक्त आतल्या आत दाटतं. दहा कोंबडे आणि शंभर कोंबड्या केल्या की तेच प्रमाण दीड टक्क्याच्याही खाली येतं. गावातल्या बायका पै-पाहुण्यांकडून कोंबडा बदलून आणतात त्यामागे हेच शहाणपण आहे, फक्त ते कुणी लिहून ठेवलेलं नाही.

आणि सगळ्यांत महत्त्वाचं, जड कोंबडा वर्षभर राखणाऱ्याला पैसे द्यावेत. २०२१ पासून राष्ट्रीय पशुधन अभियानात ग्रामीण कुक्कुटपालनाच्या प्रकल्पाला भांडवलाच्या ५० टक्के, जास्तीत जास्त २५ लाख रुपये अनुदान मिळतं. अट किमान १,००० पालक पक्ष्यांची. दहा कोंबड्यांची बाई त्या दारातून आत जाऊच शकत नाही, आणि गावठीची सगळी विविधता तर तिच्याच परड्यात आहे. २०१९ च्या पशुगणनेत देशातले परसातले पक्षी ३१ कोटी ७० लाख होते, आधीच्या गणनेपेक्षा जवळपास ४६ टक्के जास्त. त्यातले गावठी किती आणि रंगीत संकर किती, हे त्या आकड्यावरून कळत नाही.

यावर माझ्या एका पशुवैद्यक मित्राचा आक्षेप रास्त आहे. तो म्हणतो, "निवडीनं वजन वाढवायला दहा वर्षं लागतील, वनराज आज देतो. त्या बाईनं तुझ्या जनुकांसाठी दहा वर्षं गरीब का राहायचं?" तिनं राहू नये. तिला वनराज हवी तर मिळावी, पण 'ही संकर आहे, हिची अंडी बसवू नकोस' हे सांगून मिळावी. बुसरासारख्या जातीच्या पट्ट्यात मात्र संकर वाटूच नयेत. आणि दहा वर्षांचं म्हणाल तर कोंबडीची पिढी वर्षाची असते. वजन हा गुण बऱ्यापैकी वारशानं उतरतो, पाच पिढ्यांत काट्यावर फरक दिसायला लागतो. आपण तीस वर्षांपूर्वी सुरू केलं असतं तर हा वाद आज घालावा लागला नसता. मित्राला हे पूर्ण पटलेलं नाही. त्याच्या मते मी नोंदी ठेवण्याच्या आपल्या सरकारी क्षमतेवर फारच विश्वास टाकतोय. तिथे तो बरोबर असू शकतो.

परवा आत्याला फोन केला. चैत्रातली जत्रा तोंडावर आली होती. म्हटलं, तो तांबडा कोंबडा विकू नको, कापूही नको, वर्षभर कोंबड्यांत राहू दे, त्याची पिल्लं बघू. ती म्हणाली, "राहू दे की. पण जत्रंला दुसरा आणायला सातशे-आठशे लागतील, ते कोण देणार, तू का सरकार?"

मी पैसे पाठवले. पुढच्या वर्षीचे अजून ठरायचे आहेत.